छत्रांचे वन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात तंजावूरच्या राजवाडा परिसरात भरलेल्या सभासद-मेळाव्यातील भाषण)



ज्या वास्तूच्या आवारात आपण आज जमलो आहोत, तिच्याविषयी बोलण्याचा माझ्याहून मोठा अधिकार असलेली माणसे या सभेतच बसलेली आहेत. सरस्वती महाल ग्रंथालय येथून हाकेच्या अंतरावर आहे. बृहदीश्वराच्या मंदिरातील १८०३ चा भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आपणांपैकी बहुतेकांनी आज सकाळीच पाहिला असेल. तेव्हा राजे, ग्रंथ आणि कला हे तिन्ही विषय मी जाणत्यांवर सोपवतो. माझ्या वाट्याला आलेला विषय रूक्ष तर आहेच, शिवाय शब्दशः चिखलाचा आहे.

सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाने मुथुपेट्टै येथील खारफुटीच्या वनात पाच हजार रोपे लावावीत, अशी एक सूचना कार्यकारिणीपुढे आलेली आहे. निधीही बऱ्यापैकी जमला आहे. दुसऱ्या एका उत्साही सभासदांनी त्यास उपसूचना जोडली आहे, ती अशी की, त्या वनातली जी झाडे खुरटलेली दिसतात त्यांना दोन हप्ते खत घालावे, म्हणजे तीही मार्गी लागतील. या दोन्ही गोष्टींवर मत देण्यास मला सांगण्यात आले, ते मला वनस्पतिशास्त्र येते म्हणून नव्हे. इतिहास विषय घेऊन बी. ए. झालेला मी एक सरकारी नोकर आहे. केंद्र सरकारच्या लेखा खात्यात दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात तीस वर्षे गेली. पैसा खर्च होण्यापूर्वी तो कोठे जिरणार हे विचारण्याची खोड मात्र या नोकरीने लावली. त्या खोडीपायी गेल्या वर्षभरात मी तीन वेळा मुथुपेट्टैला जाऊन आलो, मिळेल ते वाचले, जाणत्यांना विचारले, आणि जे उमगले ते आपणांपुढे ठेवतो.

मुथुपेट्टै हे गाव येथून सुमारे सत्तर किलोमीटरांवर, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या अगदी दक्षिण टोकाला आहे. १९९१ पर्यंत ते तंजावूर जिल्ह्यातच होते. आज ते तिरुवारूर जिल्ह्यात मोडते. कावेरीचे जे पाणी कल्लणैच्या धरणापासून शेकडो फाटे फुटत फुटत शेतांतून येते, त्यातले उरलेसुरले पामणियार, कोरैयार अशा लहान नद्यांतून येथे समुद्राला मिळते. मिळते म्हणणे तितकेसे बरोबर नाही. आधी ते एका विस्तीर्ण, उथळ खाऱ्या सरोवरात साठते आणि तेथून पाल्कच्या सामुद्रधुनीत जाते. त्या सरोवराभोवती सुमारे १२,००० हेक्टरांचा हा पाणथळ पट्टा पसरलेला आहे. त्यात झाडे आहेत, उघडे चिखलाचे माळ आहेत आणि पाण्याच्या वाटा आहेत. २००२ मध्ये कोडिक्करै अभयारण्याबरोबर या भागाचाही रामसर यादीत समावेश झाला. जांबुवानोडै गावाहून नाव मिळते. तमिळ माणूस या वनाला ‘अलैयात्ति काडु’ म्हणतो. अलै म्हणजे लाट, आणि तिला शांत करणारे ते हे वन. आपल्या कोकणात ‘खाजण’ आणि ‘तिवर’ हे शब्द आहेत, ते कामापुरते आहेत. पण लाटेला समजावणारे वन हे नाव मला अधिक आवडले, हे कबूल करतो.

कोकणच्या खाड्या पाहिलेल्यास येथे एक गोष्ट चटकन जाणवते. आपल्याकडे एकाच खाडीत तिवर, कांदळ, चिप्पी, काजळा, हुरी अशी नाना जातींची झाडे दाटीने नांदतात. मुथुपेट्टैला शंभरातली पंचाण्णव झाडे एकट्या तिवराची, आणि त्यातही बहुतेक एकाच जातीची. तमिळमध्ये तिला ‘वेण्कण्डल’ म्हणतात. आता नावेतून जाताना पाहावे. पाण्याच्या अगदी काठाला हा तिवर दोन-तीन पुरुष उंच, गर्द, पानांना तकाकी असलेला. काठ सोडून शंभर-दोनशे पावले आत जावे तो तोच तिवर छातीएवढा, मग कमरेएवढा, पाने जाड, बारकी आणि पिवळट. आणखी आत गेले की झाड नाहीच. भेगाळलेला माळ आणि त्यावर मिठाची पांढरी साय. जात एक, पाऊस एक, ऊन एक. मग हा फरक कशाने?

हा प्रश्न मी आमच्या नावाड्यालाही विचारला. तो म्हणाला, येथे पाणी धावते, तेथे बसते. पुढे जे जे वाचले ते बव्हंशी या उत्तराचा विस्तार होता.

परंतु विस्तार करण्यापूर्वी, आपण राजवाड्यात बसलो आहोत म्हणून, थोडे या वनाच्या मालकीविषयी सांगितले पाहिजे. मुथुपेट्टैचे वन हे आपल्याला परके नाही. ते मराठ्यांच्या छत्रांचे वन होते.

छत्र म्हणजे अन्नछत्र, धर्मशाळा, तमिळमध्ये ‘चत्तिरम’. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास येथे राज्य स्थापल्यानंतर त्यांच्या वंशजांनी, विशेषतः रामेश्वरच्या यात्रामार्गावर, ही छत्रे बांधली. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र दुसऱ्या शरफोजी राजांनी १८०२ च्या सुमारास उभारले. तेथे पांथस्थांना जेवण, आजाऱ्यास औषध आणि मुलांना शिक्षण मिळे, आणि जात-पात, धर्म न विचारता मिळे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला, तरी छत्रे आपल्या देखरेखीखाली राहावीत यासाठी शरफोजींनी कंपनीच्या अधिकाऱ्यांशी आग्रहाने पत्रव्यवहार केला. राज्य गेले त्याचे दुःख असेलच, पण वाटसरू उपाशी जाऊ नये ही चिंता त्याहून मोठी ठरली असे त्या पत्रव्यवहारावरून दिसते.

आता अन्नछत्र चालवायचे तर उत्पन्न हवे. गावे, शेते यांच्या जोडीला हे खाजणाचे वनही छत्रांकडे लागलेले होते. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे पुत्रसंतान नसता निवर्तले आणि संस्थान खालसा झाले, तरी ‘छत्रम’ हे खाते इंग्रजी अमलातही राहिले. १८५३ पासून १९१२ पर्यंत हे वन त्या खात्याच्या ताब्यात होते. १९२३ ते १९३६ या काळात लाकडाच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेपैकी निम्मी सरकारी महसुलात जमा होई आणि निम्मी छत्रांच्या खर्चास लागे. १९३७ मध्ये ते राखीव वन म्हणून जाहीर होऊन वनखात्याकडे आले. तोडीची पद्धत मात्र चालूच राहिली. वनाचे तुकडे पाडावयाचे, एकेका पाळीला एकेक तुकडा मुळासकट नव्हे पण सरसकट तोडावयाचा, आणि तो आपोआप उगवेल या भरवशावर पुढच्या तुकड्याकडे जावयाचे. डोंगरावरच्या सागाला हा हिशेब कदाचित लागू पडतो. खाजणाला तो लागू पडला नाही.

मी हिशेबाचा माणूस असल्याने येथे थोडा थबकतो. छत्रांच्या वहीत लाकडाची रक्कम जमा पडली, तिच्यातून यात्रेकरूंचे जेवण झाले आणि तो खर्च सत्कारणी लागला. पण जमिनीचीही एक वही असते. झाड तोडून नेले म्हणजे त्याच्याबरोबर त्या मातीतून उचललेले नत्र, स्फुरद आणि पालाश हेही नेले. त्या वहीत ती रक्कम कोणीच नावे टाकली नाही. आज आपण जे खुरटे झाड पाहतो, ते त्या वहीतली तूट आहे. अर्थात तूट केवळ नेलेल्या मालाची नाही. असलेला मालही झाडाला उचलता येऊ नये अशी परिस्थिती तोडीने निर्माण झाली, आणि हीच गोष्ट समजून घेण्यासारखी आहे.

पाणथळ जमिनीत झाडाची पहिली अडचण अन्नाची नसून हवेची असते. कोरड्या शेतात मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून हवा खेळते. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या म्हणजे प्राणवायूचा प्रवास सुमारे दहा हजार पट मंदावतो. मातीतले सूक्ष्म जीव असलेला साठा दिवस-दोन दिवसांत संपवतात आणि मग श्वसनासाठी दुसऱ्या पदार्थांकडे वळतात. त्यांचाही क्रम ठरलेला असतो. प्रथम नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट, आणि सर्वांच्या शेवटी कार्बन डायऑक्साइड. पहिला बळी नायट्रेटचा पडतो, हे लक्षात घ्यावे. त्यातला नत्र वायुरूप होऊन हवेत निघून जातो. म्हणजे ज्या अन्नाची झाडाला सर्वांत अधिक गरज, तेच प्रथम उधळले जाते. उरतो तो अमोनियमच्या रूपातला नत्र. खाजणातली झाडे मुख्यत्वे त्यावर जगतात.

ही गोष्ट तंजावूरच्या भातशेतकऱ्याला पुस्तकावाचून ठाऊक आहे. भाताचे खाचर हेही पाणथळच. त्यात युरिया वरच्यावर फेकला तर बराचसा वाया जातो. पृष्ठभागाजवळ, जेथे थोडा प्राणवायू असतो, तेथे अमोनियमचे नायट्रेट बनते. ते खाली झिरपले की प्राणवायूवाचूनच्या थरात त्याचा वायू होतो. म्हणून जाणता शेतकरी खत चिखलात खोल गाडतो, पाणी आलटून पालटून सोडतो, आणि लावणीपूर्वी धैंचा किंवा दुसरे हिरवळीचे पीक मातीत दाबतो. सतत तुंबलेल्या खाचरात जस्ताचीही तूट पडते आणि रोपे तांबूस पडून बसतात. आमच्या घरामागील शेतमालकांनी मला हे जितक्या सहजपणे समजावून दिले, तितक्या सहजपणे कोणत्याही ग्रंथाने दिले नाही.

खाजणात याच्यावर मिठाची भर पडते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. त्यातल्या सल्फेटापासून सूक्ष्म जीव हायड्रोजन सल्फाइड बनवतात. खाडीच्या चिखलाला कुजक्या अंड्याचा वास येतो तो त्याचा, आणि मुळांना ते विषच आहे. शिवाय सोडियमची मुळांच्या दाराशी अशी काही गर्दी होते की अमोनियम आणि पालाश यांना आत शिरणे कठीण जाते. देवळात दर्शनाची रांग असावी आणि शंभरांतले नव्वद जण बिनकामाचे रेंगाळणारे असावेत, तसा हा प्रकार.

तिवराने यावर शोधलेले तोडगे विलक्षण आहेत. चिखलातून पेन्सिलीसारखी उभी राहिलेली त्याची श्वसनमुळे आपण पाहिली असतील. ओहोटीच्या वेळी ती हवा घेतात आणि आतल्या सच्छिद्र वाटांनी खालच्या मुळांना पुरवतात. त्यातली थोडी हवा भोवतालच्या चिखलात पाझरते आणि मुळाभोवती प्राणवायूचा एक पातळ पापुद्रा तयार होतो. त्याने सल्फाइडचे विष निवळते. त्या श्वसनमुळांवर वाढणारे काही सूक्ष्म जीव हवेतला नत्र पकडून मातीला देतात. जास्तीचे मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकले जाते. तिवराचे पान जिभेला लावून पाहा, खारट लागेल. आणि पान गळण्यापूर्वी झाड त्यातला नत्र नि स्फुरद निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक, परत खेचून घेते. पिकून पिवळे पडलेले पान म्हणजे रिकामी करून टाकलेली पिशवी. जे थोडे त्यात राहते, ते खेकडे बिळात ओढून नेतात आणि तेही चिखलातच मुरते. इतकी काटकसर मी माझ्या आजीनंतर कोठे पाहिली नाही.

मात्र या काटकसरीतही एक खर्च अटळ आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटला. खाऱ्या पाण्यातून गोडे पाणी आत ओढायचे तर पानांच्या पेशींतला रस भोवतालच्या पाण्याहून दाट ठेवावा लागतो. त्यासाठी तिवर ग्लायसीन बीटेन नावाचा पदार्थ पेशींत साठवतो. या पदार्थात नत्र असतो. म्हणजे माती जितकी खारट, तितका नत्र केवळ तग धरण्यात खर्ची पडणार. नवी पाने, नवे लाकूड यांसाठी शिल्लक तितकी कमी. आतल्या भागात मीठ अधिक, म्हणून नत्राची गरज अधिक. आणि त्याच ठिकाणी सोडियमच्या गर्दीने नत्र मिळणे दुष्कर. उत्पन्न घटते त्याच वर्षी घरात आजारपण यावे, असे ते होते. कमरेएवढ्या तिवराचे वय काठावरच्या उंच झाडाइतकेच असू शकते. ते लहान नसते, हात आखडून जगत असते.

स्फुरदाचे वर्तन निराळे. कोरड्या मातीत तो लोहाच्या गंजाला चिकटून बसतो. पाणी भरून प्राणवायू संपला की लोह विरघळते आणि स्फुरद मोकळा होतो. भाताला पाणी लावल्यावर जो उठाव येतो त्यात याचाही वाटा असतो. खाजणातला माळ उन्हाळ्यात सुकला की लोह पुन्हा गंजते आणि स्फुरद पुन्हा कोंडला जातो. शिंपल्या-प्रवाळांचा चुना असलेल्या बेटांवर तर चुनाच त्याला धरून ठेवतो.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याचा नियम आपण शाळेत शिकलो असू. वाढ ही सर्वांत तुटपुंज्या घटकावर अवलंबून असते. पिंपाची एक फळी आखूड असली तर पाणी तिच्याच उंचीपर्यंत राहणार. खारफुटीत कोणती फळी आखूड, हे पाहण्यासाठी जगात बरेच प्रयोग झाले. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडील हिंचिनब्रुक बेटावर बोटो आणि वेलिंग्टन यांनी केलेले प्रयोग १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. नत्राची तूट तेथे सर्वत्र आढळली, तर स्फुरदाची तूट प्रामुख्याने उंचवट्यावरच्या, क्वचित भिजणाऱ्या जमिनीत आढळली. मध्य अमेरिकेतील बेलीझच्या किनाऱ्यापलीकडील बेटांवर इल्का फेलर या विदुषींनी खुरट्या कांदळांना खत घालून पाहिले. आतल्या खुज्या झाडांना स्फुरद देताच ती जोमाने वाढू लागली, आणि काठावरच्या झाडांना हवा होता तो नत्र. एकाच बेटावर, थोड्याशा अंतरावर, तूट निराळी. यावरून ‘खारफुटीला अमुक खत द्या’ असा सरसकट नियम सांगता येत नाही, हे उघड होते. मुथुपेट्टैची माती प्रवाळाची नसून नदीच्या गाळाची आहे. अशा गाळात स्फुरद बहुधा बरा असतो आणि नत्र आधी संपतो.

मग नत्रच घालू या, असे आमचे उपसूचनाकर्ते मित्र म्हणतील. त्यांनी पुढचे ऐकावे. २००९ मध्ये लव्हलॉक, फेलर आणि त्यांचे सहकारी यांनी अनेक देशांतील अशा प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. खत घातलेली झाडे भराभर वाढली हे खरे; पण जेथे पाऊस कमी आणि माती अतिखारट, तेथे दुष्काळी वर्षांत तीच झाडे अधिक संख्येने मेली. कारण सोपे आहे. अन्न सहज मिळू लागले की झाड मुळांवर खर्च करणे सोडून फांद्या-पानांवर खर्च करते. मग पाण्याची ओढ लागली म्हणजे मोठा पर्णसंभार आणि तोकडी मुळे, असा जमाखर्च उरतो. उत्पन्नाच्या एका चांगल्या वर्षावर घराचा मजला वाढवणाऱ्या कुटुंबाची जी गत होते, तीच. मुथुपेट्टैचा पाऊस बहुतेक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो आणि उन्हाळ्यात आतले पाणी समुद्राहून खारट होते. खताची उपसूचना मी त्यामुळे सरळ नामंजूर करण्याची शिफारस करतो. शिवाय, वरच्या हजारो एकर शेतांतला युरिया वाहत वाहत त्याच सरोवरात येतो आहे. त्यात आपण आणखी भर कशाला घालावी?

आता रोपांविषयी. तोडलेल्या तुकड्यांवर वन पुन्हा का उगवले नाही, याचा शोध चेन्नईच्या एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठानाने घेतला. या प्रतिष्ठानाचे संस्थापक डॉ. स्वामीनाथन, जे २०२३ मध्ये निवर्तले, ते जन्माने येथून जवळच्याच कुंभकोणमचे. संशोधकांना असे आढळले की, झाडे गेल्यावर उघड्या मातीतले पाणी उन्हाने उडाले, माती आकसली आणि खाली बसली. पूर्वी सपाट असलेली जमीन बशीसारखी खोलगट झाली. भरतीचे पाणी त्या बशीत शिरते, पण ओहोटीला बाहेर पडत नाही. मुंबईला उधाणाच्या भरतीत पाणी चार-चार मीटर चढते-उतरते. अशा ताकदीपुढे बशी-वाटीचा टिकाव लागत नाही. पाल्कच्या सामुद्रधुनीत हा चढउतार मीटरभरही नाही. पाणी बसते, आटते, मीठ मागे ठेवते. पुन्हा शिरते, पुन्हा आटते. याच किनाऱ्यावर वेदारण्यमला १९३० मध्ये राजाजींनी मीठ उचलून सत्याग्रह केला होता. मिठागर करण्याची युक्ती तीच. फरक इतकाच की तेथे ते माणसाने हेतुपूर्वक केले आणि येथे तोडीने नकळत.

अशा बशीत रोप लावणे म्हणजे मिठागरात रोप लावणे. ते काही महिने हिरवे राहते, कारण तिवराच्या बियाण्यात स्वतःची शिदोरी असते. त्या काळात छायाचित्रे चांगली येतात. शिदोरी संपली की त्याला न हवा मिळते न नत्र, आणि पहिल्या उन्हाळ्यात ते जाते. पाच हजार लावली, असा फलक मात्र कायम राहतो. हिशेब तपासनीस म्हणून असे अनेक फलक मी पाहिलेले आहेत. त्यांच्या खाली काय उरले हे विचारणे सभ्यपणाचे समजले जात नाही.

स्वामीनाथन प्रतिष्ठान आणि तमिळनाडूचे वनखाते यांनी १९९० नंतरच्या दशकात निराळा मार्ग घेतला. बशीपासून नैसर्गिक खाडीपर्यंत एक मुख्य कालवा खणावयाचा आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरपे उपकालवे जोडावयाचे. वरून पाहिले तर माशाच्या काट्यासारखी आकृती दिसते. भरतीचे पाणी या वाटांनी आत येते आणि, मुख्य म्हणजे, बाहेर जाते. जाताना ते साठलेले मीठ आणि सल्फाइड घेऊन जाते. येताना बारीक गाळ, त्याला चिकटलेला नत्र-स्फुरद आणि काठावरच्या झाडांचे तरंगते बी घेऊन येते. मातीतला क्षार उतरला, ओल टिकली, आणि कालव्यांच्या उतारावर लावलेला तिवर जगला. नंतर तर न लावलेलाही उगवू लागला. खताची एक पिशवी न वापरता झाडांना अन्न पोहोचले ते असे. आसपासच्या गावांतील कोळी आणि शेतकरी यांच्या समित्या या कामात सहभागी झाल्या, ही गोष्ट मला कालव्याइतकीच महत्त्वाची वाटते, कारण कालवा एकदा खणून भागत नाही. दोन-चार वर्षांत तो गाळाने भरतो आणि पुन्हा उपसावा लागतो. खणण्यासाठी योजना मिळते, उद्घाटन होते. उपसण्यासाठी पैसा मागावयास कोणी जात नाही, कारण उपसलेल्या कालव्याचे उद्घाटन करता येत नाही.

पाणी धावण्याला आणखीही अडथळे आहेत. १९३४ मध्ये मेट्टूरचे धरण झाले. त्याने तंजावूरच्या भाताला खात्रीचे पाणी दिले, याबद्दल कोणीही कृतघ्न होऊ नये; पण नदीचा गाळ वरच अडू लागला आणि खाली येणारे गोडे पाणी घटले. नंतर किनाऱ्यावर कोळंबीची तळी आली. त्यांच्याविरुद्ध सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९९६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल झाला. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे आलेल्या ‘गजा’ चक्रीवादळाने ओरत्तनाडू-पट्टुक्कोट्टै भागातील माडांची जी वाताहत केली ती आपण वाचली, काहींनी पाहिली. मुथुपेट्टैचे वनही त्यात अतोनात मोडले. वादळात झाड मोडणे हे नवे नव्हे. मोडल्यावर परत उभे राहण्याइतके त्याच्या मातीत काही शिल्लक आहे की नाही, हा प्रश्न आहे. आणि ते शिल्लक पाणी कसे वाहते यावर ठरते.

येथे बसलेल्या तरुण मंडळींना असे वाटेल की हे सर्व तमिळनाडूचे प्रश्न, आपण तर नोकरीनिमित्त येथे आलेलो. आम्हीही पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बदलीच्या पुढच्या हुकुमाची वाट पाहत असेच म्हणत होतो. पण येथील यजमान बांधवांची घराणी तीन शतकांहून अधिक काळ येथे आहेत. त्यांच्या पूर्वजांनी ज्या वनाच्या उत्पन्नातून रामेश्वरच्या वाटेवरच्या अनोळखी यात्रेकरूला जेवू घातले, त्या यात्रेकरूंत आपल्या गावाकडचेही कोणी असतील. ते जेवण फुकट नव्हते. त्याची किंमत मुथुपेट्टैच्या चिखलाने दिली. तेव्हा देणे असेल तर ते दोघांचेही आहे.

म्हणून मी कार्यकारिणीपुढे लेखी अभिप्राय ठेवला आहे, तो थोडक्यात असा. पाच हजार रोपांचा आकडा ठरावातून काढून टाकावा. जमलेली रक्कम वनखात्याच्या संमतीने आणि गावसमितीच्या मार्फत एखाद्या जुन्या, गाळाने भरलेल्या कालव्याच्या उपशासाठी द्यावी; हे राखीव वन असल्याने परस्पर जाऊन काही करणे कायद्यातही बसणार नाही. रक्कम एकदम न देता तिचे तीन भाग करून पाच वर्षांच्या अवधीत, उपसा खरोखर झाल्याचे पाहून द्यावी. कालव्याचे तोंड ते शेवट अशा ठरावीक दहा ठिकाणी मातीतला क्षार आणि झाडांची उंची दर वर्षी एकदा मोजावी. क्षार मोजण्याचे लहानसे उपकरण हातात मावते आणि आपल्या मंडळाच्या शाळकरी मुलांनाही ते वापरता येईल. त्या नोंदी मंडळाच्या वार्षिक अहवालात, जमाखर्चाच्या पुढच्याच पानावर छापाव्यात. फलक लावू नये.

काही सभासदांना हे नीरस वाटले आहे, याची मला कल्पना आहे. सुवर्णमहोत्सवाला गाळ उपसण्याचा कार्यक्रम, असे कोणीसे म्हणालेही. त्यांना मी एवढेच विचारले की, छत्रात जेवलेल्या यात्रेकरूने कोनशिलेकडे आधी पाहिले असेल की पानाकडे?

ठरावाचा निर्णय येत्या बैठकीत व्हावा, अशी माझी विनंती आहे, आणि तिला कारण आहे. ईशान्येकडचा पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो आणि त्या सुमारास नद्यांचे गोडे पाणी सरोवरात उतरून तिवराचे बी काठाकाठाने तरंगू लागते. कालव्याचे तोंड त्यापूर्वी मोकळे झालेले असेल तर यंदाचे बी आत जाईल. नसेल तर ते काठालाच लागून राहील, आणि पुढच्या पावसापर्यंत थांबावे लागेल.